उणे पंचवीसमध्ये कढीपत्ता : झाडांची खोली उबदार कशी ठेवता?

कुडाळची_कुंडी | ६ डिसेंबर

मिनीआपोलिसच्या उपनगरात राहते. सप्टेंबरअखेर रात्रीचा पारा १० च्या खाली जायला लागला की कुंड्या आत, आणि मेच्या शेवटी मेमोरियल डेच्या सुमारास बाहेर, असा आमचा शिरस्ता. म्हणजे वर्षातले आठ महिने झाडं घरातच. आतापर्यंत हॉलच्या खिडकीशी कशीबशी मावत होती. आता कढीपत्ता पाच फुटांचा झालाय. शिवाय दोन मोगरे, पांढरा चाफा, नागवेल, अळूची बादली, हळदीची बादली, तुळस आणि मी नको नको म्हणत असताना नवऱ्याने आणलेली केळ. म्हणून यंदा सगळा संसार मागच्या पोर्चमध्ये हलवला.

पोर्च तीन बाजूंनी एकेरी काचेची. इथे तिला थ्री सीझन पोर्च म्हणतात. चौथा ऋतू हिशेबात धरलेला नाही हे नावातच सांगितलंय, पण हौस! १५०० वॉटचा तेलाचा हीटर लावला आणि निर्धास्त झोपले. परवा रात्री बाहेर उणे १७ होतं. हीटर रात्रभर फुल्लवर. सकाळी सहाला दार उघडलं तर आत २ अंश. तुळस काळी पडून उकडलेल्या पालकासारखी लोंबत होती. नागवेलीची जी पानं काचेला टेकली होती ती पारदर्शक झाली होती, चिमटीत धरली तर पाणी सुटलं. कढीपत्त्याने त्या दिवशी काहीच दाखवलं नाही. आज मात्र कुंडीला नुसता धक्का लागला तरी पानं झडतायत. सुपलीभर गोळा केली, टाकवेनात म्हणून चटणी केली.

आता दुसरा हीटर घेऊ, की काचांना बबल रॅप लावू? पाण्याने भरलेले पिंप ठेवले तर रात्री ऊब देतात असं कुठेतरी वाचलं. कुणी केलंय का?

खडूस_काका | ६ डिसेंबर

हीटरचं बिल किती आणि दुकानातली कढीपत्त्याची पुडी कितीची? बाकी चालू द्या.

कुडाळची_कुंडी | ६ डिसेंबर

काका, युनिटला १५ सेंट धरले तर तो हीटर दिवसरात्र चालवायचे महिन्याला १६२ डॉलर होतात. केलाय हिशेब, नवऱ्याला अजून सांगितलेला नाही. पण दुसरं रोप मिळवणं वाटतं तितकं सोपं नाही हो. कढीपत्ता लिंबाच्या कुळातला. लिंबू-संत्र्याचा ग्रीनिंग रोग पसरवणारी सिला नावाची बारकी कीड त्याच्यावरही जगते. फ्लोरिडात २००५ मध्ये हा रोग सापडला, तेव्हापासून रोपं इकडून तिकडे न्यायला बरेच निर्बंध आहेत. बी लावावं तर ते ताजंच लागतं, वाळलं की उगवत नाही. हे झाड मी नऊ वर्षं वाढवलंय.

यंत्रज्ञ_कॅल्गरी | ७ डिसेंबर

घरं तापवणं हाच माझा धंदा, त्यामुळे राहवत नाही. आधी तुमच्या पोर्चचा हिशेब करू. एकेरी काचेच्या एका चौरस मीटरमधून, आतबाहेर एका अंशाचा फरक असेल तर साधारण साडेपाच वॉट उष्णता निसटते. तीन बाजूंची काच किती आहे? अंदाजे १४ चौरस मीटर धरतो. म्हणजे प्रत्येक अंशाला ७७ वॉट. तुमचा हीटर १५०० वॉटचा. भागाकार करा, साडेएकोणीस येतात. बाहेर उणे १७, त्यात साडेएकोणीस मिळवले की अधिक अडीच. तुम्हाला २ दिसले. हीटरची काहीच चूक नाही, बिचाऱ्याने जमेल तेवढं केलं.

बाहेर उणे २५ असताना आत १५ हवे असतील तर नुसत्या काचांपायी ३ किलोवॉटच्या वर लागतील. आणि दुसरा हीटर त्याच सर्किटवर लावू नका. १५०० वॉट म्हणजे १२० व्होल्टला साडेबारा अँपिअर. १५ अँपिअरच्या सर्किटवर सतत चालणारा भार १२ च्या आत ठेवायचा असतो, म्हणजे पहिलाच हीटर हद्दीबाहेर आहे. एक्स्टेन्शन कॉर्ड वापरत असाल तर आत्ता, हे वाचता वाचता उठून काढा. वायर गरम लागते का ते हाताने बघा.

बबल रॅपने फरक पडतो, पण दुपटीचा नाही. पिंपाचं सांगतो. २०० लिटर पाणी ५ अंशांनी थंड होताना साधारण १.१६ युनिट उष्णता सोडतं. तुमच्या हीटरचं पाऊण तासाचं काम. आणि ते पाणी आधी कुणीतरी तापवलेलं असायला हवं. दक्षिणेकडे तोंड केलेल्या काचघरात ते काम ऊन करतं. डिसेंबरात तुमच्याकडे ऊन किती तास असतं?

पोर्च सोडा. बेसमेंट आहे ना?

कुडाळची_कुंडी | ७ डिसेंबर

कॉर्ड काढली. प्लगच्या टोकाला पिवळट डाग पडलाय. बाप रे.

बेसमेंट आहे, पण अंधारकोठडी. एक बारकी खिडकी, तीही छताजवळ.

यंत्रज्ञ_कॅल्गरी | ७ डिसेंबर

मग सोन्याहून पिवळं. तुमच्या भागात पाया निदान साडेतीन फूट खोल घ्यायचा नियम आहे, कारण जमीन साधारण तिथवर गोठते. त्याखालची माती हिवाळाभर गोठणबिंदूच्या वरच असते. म्हणजे तळघराच्या खालच्या भिंतीपलीकडे उणे २५ नसतं, अधिक काहीतरी असतं. हीटरला झगडावं लागतं ते दहाबारा अंशांशी, चाळीस अंशांशी नाही. उजेड विकत घेणं ऊब विकत घेण्यापेक्षा स्वस्त आहे. शिवाय दिव्याने खाल्लेली वीज शेवटी खोलीत उष्णता होऊनच उतरते, एलईडीचीसुद्धा. १६० वॉटच्या पट्ट्या लावल्यात तर तो १६० वॉटचा हीटर झाला, वर उजेड फुकट.

टोरांटोची_माई | ७ डिसेंबर

यंत्रज्ञांना अनुमोदन, पण मी बाई याच्याही पुढे जाते. कुंडे, अगं सगळ्यांना एकाच खोलीत एकाच तापमानाला कशाला ठेवतेस? निम्मी झाडं झोपणारी आहेत.

हळद आपल्याकडेसुद्धा थंडीत पानं वाळवून बसते ना? बादलीला पाणी बंद कर, पानं सुकली की काप, बादली जिन्याखाली ढकल. मार्चपर्यंत बघूही नकोस. अळूचे गड्डे काढ, माती झटक, कोरड्या कोकोपीटमध्ये खोक्यात ठेव. चाफ्याची पानं गळू देत, मग त्याला उजेडही लागत नाही. १० अंशांच्या वर कुठेही कोपऱ्यात काठीसारखा उभा राहतो. पाणी मात्र अजिबात नको. मी पहिल्या वर्षी दयेपोटी वाटीवाटी घालत होते, फेब्रुवारीत खोड दाबलं तर पिकल्या केळ्यासारखं मऊ!

राहिलं कोण? कढीपत्ता, मोगरे, नागवेल, केळ. केळीला मी घरात घेतलंच नसतं, पण तो तुमचा घरगुती प्रश्न.

आणि तुळस. दरवर्षी ती जगवायला जाऊन दरवर्षी रडायचं मी सोडून दिलंय. मंजिऱ्या काढून ठेवते, ऑगस्टमध्ये दिव्याखाली नवं रोप करते. तुलसीविवाहाला वीतभर होतं. ऊस त्याच्या तिप्पट उंच दिसतो, पण लग्न लागतं.

द्राक्षबागवाला | ८ डिसेंबर

निफाड तालुक्यातून लिहितोय. आमच्या दोन-तीन अंशांची थंडी तुम्हाला चेष्टा वाटेल, पण मण्यात पाणी भरायच्या वेळी पारा तिथे आला की आम्ही रात्र बागेत काढतो. दोन गोष्टी सांगण्यासारख्या आहेत, खोलीला लागू पडतात का बघा.

एक. मोठी एकच शेकोटी पेटवली तर ऊब सरळ वर निघून जाते, शेजारच्या ओळीलाही लागत नाही. म्हणून ओळीओळीत बारक्या बारक्या शेकोट्या. थंड हवा जड, ती खाली साचते. आमच्या शिवारात लवणातली बाग आधी मार खाते, टेकाडावरची वाचते. तुमचा थर्मामीटर कुठे टांगलाय? भिंतीवर डोळ्यासमोर असेल तर तो तुमच्या डोक्याचं तापमान सांगतोय, कुंडीचं नाही.

दोन. पहाटे आम्ही बागेला पाणी सोडतो. विहिरीचं पाणी त्या वेळच्या हवेपेक्षा कोमट असतं, मुळांना आधार मिळतो. तुमच्याकडे उलटं असणार. नळाचं पाणी बर्फासारखं येत असेल तर तेच झाडाला घालताय का?

कुडाळची_कुंडी | ८ डिसेंबर

तेच घालत होते. आत्ता नळाखाली थर्मामीटर धरला : ५ अंश. आजपासून बादली आदल्या दिवशी भरून ठेवणार.

आणि बेसमेंटमध्ये एक थर्मामीटर फरशीवर, एक छताजवळ ठेवला. खाली १३, वर १७. चार अंशांचा फरक! भाऊ, तुमच्या लवणातच कुंड्या ठेवणार होते मी.

म्युनिकचा_मुंबईकर | ८ डिसेंबर

थोडं अवांतर. इथे कण्हेर हे लाडाचं झाड आहे. आपल्या एक्सप्रेसवेच्या दुभाजकावर धूर खात उभी असते तीच. इथे ती भल्या मोठ्या कुंडीत लावतात आणि थंडीत जिन्यातल्या उजेडात ५ ते १० अंशांत ठेवतात. जागा नसेल तर नर्सरीवाले हिवाळाभर पैसे घेऊन सांभाळतात, वसंतात परत आणून देतात. माझ्या घरमालकीणबाई आपली कण्हेर ऑक्टोबरात टेम्पोत घालून पाठवतात आणि टेम्पो वळेपर्यंत फाटकात उभ्या राहतात.

मुद्द्याचं म्हणजे त्या तिला मुद्दाम थंड ठेवतात. उजेड कमी आणि ऊब जास्त झाली की झाड फिकट, लांबुडक्या फांद्या काढतं आणि मावा लागतो. उजेड वाढवता येत नसेल तर ऊबही वाढवू नका, हा त्यांचा हिशेब. मोगऱ्याला हाच न्याय लावा. त्याला २२ अंश द्यायची गरज नाही, १२-१५ वर गप बसतो आणि उन्हाळ्यात जास्त फुलतो.

पानाचा_विडा | ९ डिसेंबर

रॉकेलवर किंवा प्रोपेनवर चालणारा हीटर स्वस्त पडेल का?

यंत्रज्ञ_कॅल्गरी | ९ डिसेंबर

नाही, नाही आणि नाही. बंद खोलीत ज्वलनाचा हीटर म्हणजे कार्बन मोनॉक्साइड. त्याला वास नसतो, झोपेत माणूस जातो. झाडांचं म्हणाल तर अर्धवट ज्वलनातून इथिलीनही निघतं, कच्चा आंबा ज्याने पिकतो तो वायू. त्याने पानं आणि कळ्या झडतात. पैसे खर्च करून पानगळ विकत घेतल्यासारखं.

कुंडीताई, आता खोली तापवूच नका. तळघरात १६ अंश आहेतच, तर खोलीच्या आत एक लहान खोली करा. कापडी ग्रो टेंट मिळतात, चार फूट बाय चार फूट. त्यात १६० वॉटचे दिवे लावले की आत बाहेरपेक्षा साधारण ३ अंश जास्त राहतात. बाहेरून दोन इंची फोमचे पत्रे टेकवले तर आणखी. दिवे रात्री चालू ठेवा, दिवसा बंद. झाडाला घड्याळ कळत नाही, त्याला चौदा तास उजेड आणि मग काळोख मिळाला की झालं. घर सर्वांत थंड असतं ते रात्रीच, त्यामुळे दिव्याची ऊब नेमकी हवी तेव्हा मिळते. खिडकीशी ठेवलेल्या झाडांना मात्र हे करू नका, त्यांना मग काळोखच मिळणार नाही.

फरशीवर थर्माकोल, त्यावर पाट किंवा विटा, त्यावर कुंड्या. नागवेलीच्या कुंडीखाली रोपांसाठी मिळते ती २० वॉटची गरम चटई. मुळं २० वर असली तर पानं १६ वर तक्रार करत नाहीत. आणि एक बारका पंखा, छताची हवा खाली ढकलण्यासाठी. झाडावर रोखू नका, भिंतीवर रोखा.

गवतफुला | ९ डिसेंबर

वाचनखूण साठवली. माझ्याकडे टेंटला जागा नाही. आयकियाचं काचेचं कपाट घेतलं, आत दिव्याची पट्टी चिकटवली, दाराच्या फटीला रबर लावलं. लहान रोपं मजेत आहेत, दमटपणा ७० टक्के राहतो. ही युक्ती जुनीच आहे. लंडनच्या नॅथानिएल वॉर्डने १८२९ च्या सुमारास बंद काचेत फर्न उगवलेला पाहिला आणि मग तशा पेट्यांतून रोपं जहाजांवरून जगभर फिरली. चीनमधला चहा हिमालयात आला तोही अशाच पेट्यांतून. माझ्या पेटीत सध्या ओवा आणि एक गुलबट बिगोनिया आहे, इतकीच माझी मजल.

कुडाळची_कुंडी | १४ जानेवारी

धागा वर काढते, कारण गेल्या आठवड्यात उणे २६ होऊन गेलं.

हळद, अळू, चाफा जिन्याखाली झोपलेत, त्यांचा खर्च शून्य. टेंटमध्ये कढीपत्ता, मोगरे, नागवेल. केळ टेंटमध्ये मावत नाही, ती बाहेर बेसमेंटच्या दिव्याखाली मुकाट उभी आहे. तिला काय झालं तर जबाबदार मी नाही. सर्वांत थंड रात्री बेसमेंट १४, टेंट १८, नागवेलीची माती २१. हीटर कपाटात ठेवलाय. दिवे, चटई, पंखा मिळून २०० वॉटच्या आत आहे आणि दिवे चौदाच तास. महिन्याला १५ डॉलरच्या आसपास बसतं. आता हा आकडा नवऱ्याला सांगितला.

पण नवीन दुखणं. दमटपणा मोजला तर बेसमेंटमध्ये १४ टक्के! हातपाय उलतायत, कपडे काढताना ठिणग्या उडतायत, आणि कढीपत्त्याच्या उरलेल्या आठदहा पानांवर रवा भुरभुरल्यासारखे ठिपके आलेत. पांढरा कागद खाली धरून फांदी झटकली तर ठिपके चालायला लागले.

टोरांटोची_माई | १४ जानेवारी

लाल कोळी. कोरडी ऊब म्हणजे त्यांचं माहेर. बाथटबमध्ये झाड आडवं कर, कुंडीच्या तोंडाला प्लास्टिक बांध आणि कोमट पाण्याच्या शॉवरने पानांची पाठ धू. मग भांड्यांच्या साबणाचं अगदी पातळ पाणी फवार, दिव्याखाली न्यायच्या आधी पुन्हा धू. चार-पाच दिवसांनी परत. अंडी राहतात, एकदा धुवून भागत नाही. तीनदा तरी.

यंत्रज्ञ_कॅल्गरी | १५ जानेवारी

१४ टक्के अपेक्षितच आहे. उणे १५ ची हवा अगदी शंभर टक्के दमट असली तरी तिच्यात घनमीटरला दीडेक ग्रॅम पाणी मावतं. तीच हवा घरात येऊन २० अंशांना तापली की तिची झेप १७ ग्रॅमपर्यंत जाते. म्हणजे ७-८ टक्के. बाकीचे तुमचा स्वयंपाक, अंघोळी आणि श्वास यांनी भरले. पानांवर पाणी फवारून उपयोग नाही, दहा मिनिटांत उडतं. ह्युमिडिफायर लावा, पण फक्त टेंटमध्ये, आणि ५० टक्क्यांवर बंद होईल असा. सगळं बेसमेंट दमट करायला गेलात तर त्या बारक्या खिडकीवर बर्फ धरेल, तो वितळून भिंतीत उतरेल आणि मग बुरशी.

कुडाळची_कुंडी | १५ जानेवारी

हे काल सांगितलं असतंत तर! खिडकीच्या चौकटीत आधीच बर्फाची पट्टी झालीय. लेकाने त्यावर नखाने हसरा चेहरा काढलाय.

आशा_नाशिक | १६ जानेवारी

वीज गेली तर काय करता? हा विचार कुणी केलाय का?

यंत्रज्ञ_कॅल्गरी | १६ जानेवारी

चांगला प्रश्न. टेंटवर रजया, गोधड्या टाकायच्या, चेन बंद करायची आणि अजिबात उघडून बघायचं नाही. घर पुरतं गार व्हायला बराच वेळ लागतो, तळघर तर सर्वांत शेवटी. इथे मात्र पिंपाचा खरा उपयोग आहे. आत भरून ठेवलेलं पाणी तापमान पडायचा वेग कमी करतं. त्यासाठी २०० लिटर नको, पाच-सहा दुधाचे कॅन पाणी भरून कुंड्यांमध्ये ठेवा. मेणबत्ती टेंटमध्ये न्यायची नाही, हे सांगायला लागू नये, पण सांगतो.

कुडाळची_कुंडी | ३ मार्च

हिशेब देते. नागवेल गेली. पोर्चमधल्या त्या रात्रीनंतर ती खरं म्हणजे सावरलीच नाही, मीच चटईवर बसवून आशा धरली होती. मोगरे ठीक, एकाला मुगाएवढी कळी आहे. चाफा काठी आहे पण घट्ट. कोळी तीन धुण्यांत गेले.

कढीपत्ता जानेवारीअखेर पूर्ण बोडका झाला. आठवड्याला कपभर पाणी, बाकी हात लावायचा नाही असं ठरवलं होतं, पण राहवत नाही ना, दर रविवारी नखाने साल खरवडून बघत होते. वरचं दीड फूट तपकिरी, कोरडं. ते कापलं. त्याखाली खरवडलं की हिरवं आणि ओलसर, वासही येतो. काल बुंध्याजवळ मातीतून एक फुटवा दिसला, तांबूस, काडेपेटीतल्या काडीएवढा. तो मुळातून आलाय, बाजूला पसरेल, ठेवू की काढू? सध्या ठेवलाय.

केळीला दोन नवी पानं आलीत. नवरा रोज खाली जाऊन बघून येतो, बोलत काही नाही.

टोरांटोची_माई | ३ मार्च

ठेव गं. वरून फूट आली की मग बघ. आणि आता पाणी एकदम वाढवू नकोस, पाच-सहा पानं उलगडेपर्यंत थांब. खतही तेव्हाच.

खडूस_काका | ४ मार्च

त्या सुपलीभर पानांच्या चटणीचं पुढे काय झालं ते राहिलंच.

कुडाळची_कुंडी | ४ मार्च

काका, खोटं कशाला सांगू. गारठून गळलेल्या पानांना वासच नव्हता. लसूण दुप्पट घातला तेव्हा कुठे ती चटणी झाली.